भूकंपानंतर आपल्या माणसांची खबर कशी घ्यायची: पहिल्या तासापासून पहिल्या महिन्यापर्यंत

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन उरकून गावं झोपली होती. किल्लारीचा भूकंप जगाच्या हिशेबात काही फार मोठा नव्हता, ६.२ च्या आसपास. पण तो उथळ होता आणि घरं माळवदाची होती: दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सरकारी नोंदीनुसारच जवळपास ८ हजार माणसं गेली. देशात अजून मोबाइल आलेला नव्हता. पुण्या-मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या लेकरांना आपलं घर उभं आहे की नाही हे कळायला रेडिओ, वर्तमानपत्र आणि एसटी एवढाच आधार होता.

आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे. तरी मोठा भूकंप झाला की नेमका पहिल्या काही तासांत तो लागत नाही, आणि माणसं तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत बसतात. खबर घेणं हे काम आहे. ते वाटून घ्यावं लागतं, वहीत लिहावं लागतं आणि आपल्या चार भिंतींपाशी न थांबता शेजारच्या दारापर्यंत न्यावं लागतं. हे कसं करायचं ते मी इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः लातूर-धाराशिवची आहेत, कारण महाराष्ट्राने ही गोष्ट तिथे सर्वांत मोठी किंमत मोजून शिकली. पण कोयना खोरं, पालघरमधला डहाणू-तलासरीचा पट्टा किंवा हिंगोली-नांदेडचा भाग, जिथे जिथे जमीन अधूनमधून हलते तिथे हेच लागू आहे.

आधी घड्याळ बघा

बातमी कळली की पहिला प्रश्न हा विचारा: त्या वेळी आपली माणसं कुठे असतील? किल्लारीला पहाट होती, म्हणून जवळजवळ सगळे घरात, छताखाली होते. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला झाला. प्रजासत्ताक दिन होता. अंजारमध्ये प्रभातफेरीत निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली आणि १८५ मुलं व २० शिक्षक गेले. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला भर दुपारी हादरा बसला. त्या दिवशी शनिवार होता, तिथला सुट्टीचा वार. हजारो वर्ग कोसळले, पण ते रिकामे होते.

म्हणजे वार, वेळ, ऋतू आणि सण यांवरून माणूस कुठे सापडेल ते ठरतं. मंगळवारी दुपारी तीनला आई अंगणवाडीत असते का? बाबा बाजाराला गेले होते का? पुतणी लातूरला क्लासच्या हॉस्टेलवर आहे की दिवाळीला घरी आलेली आहे? हंगाम ऊसतोडीचा असेल तर अर्धी वस्ती कारखान्याच्या फडावर असते. हे सगळं आठवून कागदावर उतरवा: नाव, वय, त्या वेळची जागा, सोबत कोण. दहा मिनिटं लागतात. पुढचं सगळं काम याच कागदावर चालतं. पुढे हा कागद कंट्रोल रूमला वाचून दाखवायचा आहे, दवाखान्यात दाखवायचा आहे, आणि वेळ आली तर ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या बचाव पथकालाही द्यायचा आहे.

आपल्या गावाला किती बसलंय

टीव्हीवरची पट्टी जिल्ह्याचं नाव सांगते, गावाचं सांगत नाही. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या 'भूकंप' (BhooKamp) ॲपवर केंद्रबिंदूचे अक्षांश-रेखांश, खोली आणि तीव्रता मिळते. ते नकाशावर टाका आणि आपलं गाव किती किलोमीटरवर आहे ते बघा. नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. हिंगोली परिसरात २०२४ मध्ये बसला तसा ४.५ चा धक्का सिमेंटच्या पक्क्या घराला सहसा पाडत नाही, पण जुनी मातीची भिंत त्यात भेगाळू शकते. जुन्या गावठाणात राहणाऱ्या आजीची आणि नव्या प्लॉटिंगवर राहणाऱ्या काकांची काळजी सारखी नसते. आधी आजीची खबर घ्या.

घरातल्या एकानेच फोन धरायचा

पुण्यातले तीन भाऊ, मुंबईची बहीण, दुबईचा जावई, सगळे एकाच वेळी गावातल्या एकाच नंबरवर तुटून पडतात. टॉवरवर आधीच ताण असतो, आणि तिकडच्या फोनची बॅटरी तर सर्वांत मोलाची असते. वीज कधी येईल ते माहीत नसतं. 'बरे आहात ना' असं दहा जणांनी विचारलं की दुपारपर्यंत फोन बंद पडतो. मग खरंच मदत मागायची वेळ आली तर हातात काही राहत नाही.

म्हणून घरातला एक माणूस ठरवा. तोच गावाशी बोलेल आणि मिळालेली खबर एकाच ग्रुपवर टाकेल. दुसरा कंट्रोल रूम आणि दवाखाने बघेल. तिसरा परदेशातल्यांना उत्तरं देईल. गावाशी बोलणारा माणूस शक्यतो भूकंपाच्या पट्ट्याबाहेरचा, शांत डोक्याचा असावा. बाधित भागात गावातल्या गावात फोन लागत नसताना बाहेरगावचा लागून जातो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणचा आहे. अशा वेळी आईची खबर मामाला आणि मामाची आईला नाशिकच्या भाचीमार्फत पोचते.

ग्रुपवर खबर टाकताना वेळ आणि खबर कुणाकडून आली ते लिहा. 'सगळे ठीक आहेत' असं मोघम टाकू नका. नमुना असा:

'सकाळी ७.१०. सुनीतावहिनीशी स्वतः बोललो. आई, वहिनी, दोन्ही मुलं शाळेच्या मैदानावर. आईच्या पायाला मार, चालता येतं. दादा अजून शेतावर, फोन लागला नाही. पुढचा फोन १० वाजता. तोवर कुणी लावू नये.'

'दादा ठीक असेल' असं यात कुठेही नाही. जे कळलं नाही ते कळलं नाही असंच लिहायचं. अंदाजाला खबर म्हणून पुढे ढकललं की दादाला शोधायला कुणी जातच नाही.

फोन लागत नाही तेव्हा

फोन लागला नाही म्हणजे काही वाईट झालं, असं लगेच धरून चालू नका. टॉवरची वीज जाते, बॅटऱ्या काही तासांत संपतात, लाइन गर्दीने तुंबते. माणूस अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पळालेला असतो आणि फोन आत उशाशी राहिलेला असतो.

साधा एसएमएस पाठवा. बोलण्याला जेवढी जागा लागते त्यापेक्षा त्याला फारच कमी लागते. शिवाय तो रांगेत थांबतो आणि नेटवर्क क्षणभर आलं तरी पोचतो. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ न पाठवता दोन ओळी लिहा. एक टिक म्हणजे मेसेज त्यांच्या फोनपर्यंत गेलेला नाही. दोन टिक दिसल्या तर निदान फोन चालू आहे आणि नेटवर्क आलं आहे, तेव्हा लगेच फोन लावून बघा. मेसेज असा लिहा की उत्तर एका अक्षरात देता येईल: 'सगळे बाहेर आहात का? हो असेल तर १, कुणी अडकलं असेल तर २.' कापऱ्या हातांनी, अंधारात, चष्म्याशिवाय एक आकडा दाबता येतो.

मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करायला सांगू शकतं. तेव्हा एका कंपनीचं सिम दुसऱ्या कंपनीच्या चालू टॉवरवर चालतं. गावाकडच्याला एसएमएस करून सांगा: फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून बघ.

त्या घराचा फोन लागत नसेल तर त्या गावात आणखी कुणाचा लागेल? किराणा दुकानदार, दूध डेअरीचा माणूस, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील, आशाताई, गावातून जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर, वरच्या गावातले सोयरे. एकाला गाठलं की त्याच्याकडून एकाच घराची चौकशी करू नका. गल्लीतली चार-पाच घरं विचारा आणि त्या घरांच्या बाहेरगावी असलेल्या मुलांना तुम्हीच कळवा. एका फोनमध्ये पाच घरांचा जीव भांड्यात पडतो.

फोन लागला तर काय विचारायचं

आपल्याकडची म्हातारी माणसं, विशेषतः आया, कधीच खरं सांगत नाहीत. लेकराला घोर नको म्हणून 'आम्ही बरं आहोत, तू जेवलास का' म्हणतात आणि फोन ठेवतात. 'बऱ्या आहात का' या प्रश्नाला 'बरी आहे' हेच उत्तर येतं. म्हणून ज्याचं उत्तर 'बरं' असं देताच येणार नाही, असे प्रश्न विचारा.

'मामी, आत्ता कुठं उभ्या आहात?'
'मारुतीच्या पाराजवळ. समदेच हितं हैत.'
'मामा दिसतायत का तुम्हाला? समोर?'
'ते गोठ्याकडं गेलेत. बैलं सोडायला.'

बघा, इथेच खरी खबर लागली. मामा भेगाळलेल्या गोठ्यात आहेत. आता पुढचं वाक्य हे हवं: 'मामी, कुणालातरी पाठवा आणि मामांना बाहेर बोलवा. दावं बाहेरून कापता येत असेल तर कापा, नाहीतर राहू द्या. मी फोन चालू ठेवतो.' शेतकरी माणूस जनावर सोडून येत नाही. त्याला रागावून उपयोग नाही, त्याच्यासोबत कुणी जाईल आणि दारापाशी उभं राहील हे बघा.

विचारण्याचा क्रम मी असा ठेवेन: आत्ता कुठे आहात? तुमच्या डोळ्यांसमोर कोण कोण आहे, नावं सांगा. कुणाचं रक्त जातंय का, कुणाला उठता येत नाही का, डोक्याला मार लागून कुणी उलटी करतंय का? घरात कुणी राहिलं आहे का? सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला का, वास येतोय का? बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा बाहेर आहे का? पाणी कुठलं पिताय? रात्री कुठे झोपणार? एवढं पुरे. घराचं किती नुकसान झालं ते नंतर विचारा. तो विषय काढला की माणूस रडायला लागतो आणि कामाचं राहून जातं.

फोन ठेवण्याआधी दोन गोष्टी ठामपणे सांगा. पहिली: सोनं, पैसे, सात-बारा, शाळेचे दाखले, काहीही आत राहिलं असलं तरी घरात पाऊल टाकायचं नाही. मागून येणारे धक्के लहानच असतील याची खात्री नसते. नेपाळमध्ये पहिल्या भूकंपानंतर सतरा दिवसांनी, १२ मे २०१५ ला, ७.३ चा धक्का बसला आणि पुन्हा माणसं गेली. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ चा आणि त्याच दुपारी ७.५ चा भूकंप झाला, आणि सकाळी तडा जाऊन उभ्या राहिलेल्या इमारती दुपारी बसल्या. दुसरी: पुढच्या फोनची वेळ ठरवा आणि तोवर फोन बंद किंवा विमान मोडवर ठेवायला सांगा.

'आज रात्री दोन वाजता यापेक्षा मोठा येणार' असा मेसेज हमखास फिरतो. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगातली कुठलीच संस्था करू शकत नाही. असा मेसेज आला की तिथेच थांबवा, आणि गावाकडे कुणाला पोचला असेल तर तो खोटा असल्याचं फोनवर सांगा.

कुणाचाच पत्ता लागत नाही तेव्हा

कुणी अडकलं आहे किंवा गंभीर जखमी आहे असं पक्कं कळलं तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. चौकशीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ आणि राज्याचा कक्ष १०७०. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: पुण्यातून नुसतं १०७७ लावलं तर पुण्याचाच कक्ष लागण्याची शक्यता असते. बाधित जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावा, लातूरसाठी ०२३८२, धाराशिवसाठी ०२४७२. लागला की आपला कागद समोर ठेवून बोला: गाव, तालुका, गल्ली किंवा खूण, घरात किती माणसं, शेवटचं बोलणं कधी, तुमचा नंबर. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. तिथली माणसंही रात्रभर बसलेली असतात, कदाचित त्यांचीही घरं पडलेली असतात. आवाज चढवू नका.

दवाखान्यातला शोध हा वेगळाच प्रकार आहे. जखमींना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेतात, तिथे जागा नसली की पुढे पाठवतात. किल्लारीचे जखमी उमरगा, लातूर आणि सोलापूरपर्यंत विखुरले होते. म्हणजे एकाच ठिकाणी 'नाही' ऐकून थांबायचं नाही. नाव विचारताना सगळ्या रूपांनी विचारा. बेशुद्ध बाईचं नाव शेजारणीने सांगितलेलं असतं, 'पिंट्याची आई', आणि कागदावर तेच चढतं. बाई स्वतः घाबरून माहेरचं नाव सांगते. आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं जातं. लहान मूल 'अनोळखी, वय अंदाजे ४' एवढंच असतं. म्हणून नावापेक्षा गावावरून विचारा: 'अमुक गावचे कोण कोण आलेत?' सोबत फोटो, गोंदण, जुन्या ऑपरेशनचा व्रण, हातातल्या बांगड्या, कपड्यांचा रंग, कानातलं, पायातलं जोडवं, जे सांगता येईल ते. एकाला दवाखान्यात प्रत्यक्ष पाठवता आलं तर उत्तम. फोनवर यादी वाचून दाखवायला कुणाला वेळ नसतो.

शवागारात बघायची वेळ आली तर एकट्याने जाऊ नका. घरातल्या बायकांना यापासून दूर ठेवावं असा आपल्याकडचा रिवाज आहे, पण खुणा सर्वांत जास्त आईला किंवा बहिणीला माहीत असतात. जायचं की नाही ते त्यांना विचारा, त्यांच्या वतीने ठरवू नका. मृतदेहांमुळे साथ पसरते ही समजूत बहुतेक बाबतीत चुकीची आहे. भूकंपात मार लागून गेलेल्या माणसाच्या देहापासून गावाला रोगाचा धोका जवळपास नसतो, म्हणून घाईने सामुदायिक अंत्यसंस्कार करायची गरज नाही. किल्लारीला एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. अग्नी देण्याआधी चेहऱ्याचा, अंगावरच्या खुणांचा, कपड्यांचा फोटो आणि सापडल्याची जागा नोंदवून पोलिसांकडे देता येते. दोन दिवसांनी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलाला आपला बाप गेला हे निदान नक्की कळतं. हे फोटो फक्त पोलिसांकडे. ग्रुपवर एकही नाही.

चोवीस तासांत पत्ता लागला नाही तर पोलीस ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद करा आणि तिची प्रत घ्या. मृत्यू दाखला, मदत, वारसाहक्क, सगळं पुढे या कागदावर अडतं.

गावात असाल तर: गल्लीची वही

आता बाहेरून बघणं सोडा, समजा तुम्हीच गावात आहात आणि सुखरूप आहात. तुम्ही आता सर्वांत मोठे मदतनीस आहात. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, राज्याची पथकं धुळे आणि नागपूरला. कितीही तातडीने निघाली तरी मराठवाड्यातल्या आतल्या गावात पोचायला त्यांना काही तास लागणारच. मातीच्या छताखाली दबलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो, कारण सिमेंटच्या स्लॅबखाली पोकळी राहते तशी मातीखाली राहत नाही. त्या तासांत जे काढायचे ते शेजारीच काढतात.

एक वही घ्या. शाळेतलं पोर चालेल लिहायला. एका टोकाने सुरू करा आणि घर न चुकवता दुसऱ्या टोकाला जा. प्रत्येक घराची एक ओळ: घरधन्याचं नाव, रात्री घरात किती होते, बाहेर किती दिसले, उरलेले कुठे, जखमी, औषध हवं का. गणना जुळली की दाराशी खडूने बरोबरची खूण. न जुळलेल्या घरावर फुली आणि आकडा: 'आत २'. मागून येणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही.

आकडा जुळतोय का, हे एकाच माणसाच्या तोंडून ठरवू नका. त्या रात्री मुक्कामाला आलेला पाहुणा, बाळंतपणाला आलेली लेक, जत्रेला आलेले सोयरे शेजाऱ्याच्या हिशेबात नसतात.

अंगणवाडीताईंकडे सहा वर्षांखालच्या मुलांची आणि गरोदर बायकांची यादी असते, आशाताईंना कुणाला बीपी, कुणाला टीबीचं औषध चालू आहे ते पाठ असतं. त्यांना वहीसोबत घ्या. बचतगटाच्या बायकांना घ्या. किल्लारीनंतर पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या, त्या गावाला आणि प्रशासनाला जोडणारा दुवा झाल्या. कुणाच्या घरात काय आहे हे ओट्यावर बसणाऱ्या पुरुषापेक्षा पाण्याला जाणाऱ्या बाईला जास्त ठाऊक असतं.

आणि गावठाण संपलं की वही मिटू नका. आखाड्यावर राहणारे सालगडी, वीटभट्टीवरची बिहारी किंवा मध्य प्रदेशी कुटुंबं, गावाबाहेरची पारध्यांची पालं, रस्त्याच्या कामावरचे मजूर, ऊसतोड्यांच्या कोप्या. यांची चौकशी करायला बाहेरून एकही फोन येणार नाही, कारण यांचं कुणी इथे आहे हे कुणाच्या यादीतच नाही. मतदार यादी, रेशनची यादी, कशातच नाही. माझं स्पष्ट मत आहे की गावाची मोजणी चांगली झाली की नाही हे याच माणसांवरून ठरवावं. लातूर शहरात हीच गोष्ट हॉस्टेलची आणि भाड्याच्या खोल्यांची आहे. 'लातूर पॅटर्न'साठी राज्यभरातून आलेली हजारो मुलं-मुली तिथे असतात. मेस चालवणाऱ्या मावशींकडे कोण जेवायला येतं आणि कोण आलं नाही याचा हिशेब कुठल्याही क्लासच्या रजिस्टरपेक्षा पक्का असतो.

एकदा फिरून झालं म्हणजे काम झालं असं नाही. संध्याकाळी पुन्हा फिरा. सकाळी चालत असलेला म्हातारा संध्याकाळी पोट दुखतंय म्हणतो, तो आतला मार असू शकतो.

ढिगाऱ्याखाली कुणी असेल तर सगळ्यांना गप्प करा. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, रडणं, सगळं दोन मिनिटं थांबवा. नावाने हाक मारा आणि ऐका. दगडावर तीन ठोके द्या आणि ऐका. माणूस कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीशी झोपायचा ते घरच्यांना विचारा आणि जमिनीवर घराचा आराखडा काढायला लावा. माती हाताने, टोपल्यांनी, वरून खाली काढा. जेसीबी कधी लावायचा ते जाणकारावर सोडा. हात-पाय तासाभराहून जास्त वेळ दडपलेला असेल तर वजन उचलण्याआधी डॉक्टर किंवा रुग्णवाहिका जवळ आणा. दबलेल्या स्नायूतलं विष एकदम रक्तात येऊन, बोलत असलेला माणूस बाहेर काढल्यावर दगावू शकतो. आणि भेगाळलेल्या भिंतीखाली स्वतः शिरू नका.

निघायचं का?

बहुतेकांचं मन म्हणतं, गाडी काढा आणि निघा. घरच्यांशी बोलणं झालं असेल आणि कुणी गंभीर नसेल तर पहिल्या दिवशी निघू नका. अरुंद रस्त्यावर प्रत्येक कार रुग्णवाहिकेची जागा खाते. जायचंच असेल तर दोनच माणसं जा, गाडीत बघ्यांऐवजी सामान भरा: पिण्याचं पाणी, ताडपत्री, दोर, टॉर्च, पॉवर बँक, घरच्यांच्या गोळ्या चिठ्ठीसकट, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं खाणं, आणि डिझेल येण्या-जाण्याचं. जुने कपडे नकोत. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडतात आणि ज्याचं घर गेलं आहे त्याचा मान आणखी थोडा जातो.

परदेशात किंवा यात्रेला असलेले

आपलं माणूस नेपाळला पशुपतिनाथाच्या यात्रेला गेलेलं असेल तर आधी यात्रा कंपनी, मग हॉटेल, मग काठमांडूचा भारतीय दूतावास. मोठ्या आपत्तीत परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास वेगळे हेल्पलाइन नंबर जाहीर करतात, ते त्यांच्या अधिकृत पानावरूनच घ्या, फॉरवर्डवरून नको. पासपोर्टची प्रत घरी असू द्या. फेसबुकवर बाधित भागातल्या लोकांना 'मी सुरक्षित आहे' अशी खूण करता येते, ती तपासा. जपानमध्ये १७१ नंबरवर निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय आहे, घरचा फोन नंबर टाकून तो इतरांना ऐकता येतो. तिथे मुलगा-सून असतील तर ती वापरायची कशी हे त्यांना आधीच शिकून घ्यायला सांगा. युद्ध किंवा आपत्तीत ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी रेडक्रॉसची शोधसेवा आहे, आठवडे उलटले तरी पत्ता लागत नसेल तर तिथे अर्ज करता येतो.

एकटं सापडलेलं मूल

कुणीही चांगल्या मनाने मूल घरी घेऊन जाऊ नये, 'मी सांभाळतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नये. १०९८ ला कळवा, पोलिसांना आणि बालकल्याण समितीला कळवा, मूल जिथे सापडलं ती जागा आणि वेळ लिहा. भावंडं एकत्र ठेवा. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं पुण्याला आणून शिकवली. असं काम संस्थेने, नोंदी ठेवून करायचं असतं.

नंतरचे दिवस

पहिल्या आठवड्यात पंचनामे सुरू होतात. ढिगारा उचलण्याआधी घराचे चारी बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याच्या पंचनाम्यावर घरातल्या बाईचंही नाव येईल असं बघा, भाडेकरू आणि सालगड्याचं नुकसान वेगळं नोंदवा. मृताच्या वारसांना राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार ४ लाख रुपये मिळतात. मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि बँक खातं यांत नावाचं एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल अडते. शहरातल्या शिकलेल्या भाच्याने एक रविवार यासाठी गावाला द्यावा, त्याचा उपयोग पैशाच्या मदतीपेक्षा जास्त होतो.

फोन करत राहा. पंधरा दिवसांनी गाड्या, कॅमेरे, पुढारी निघून जातात आणि पत्र्याच्या शेडमध्ये रात्र मोठी होते. ट्रक गेला तरी माणसं दचकून उठतात, लहान मुलं अंथरूण ओलं करतात, घराच्या आत झोपायला कुणी तयार नसतं. हे काही आठवडे चालतं आणि बहुतेकांचं ओसरतं. पण कुणी जेवणच सोडलं, बोलणंच बंद केलं, 'मी का वाचलो' असं सारखं म्हणू लागलं किंवा दारू वाढली, तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्या घरात एकच माणूस उरला आहे त्याला फोन करताना 'काळजी घे' एवढ्यावर सोडू नका. आज काय शिजवलं, कुणाकडे बसला होतास, गोळ्या किती उरल्यात, पेन्शनचा दिवस कधी आहे, हे विचारा. लागेल ते पुढच्या फेरीला घेऊन जा.

आणि हे सगळं सोपं व्हावं म्हणून दिवाळीला सगळे गावी जमाल तेव्हा अर्धा तास काढा. एका कागदावर घरातल्यांची नावं, रक्तगट, चालू औषधं, झोपायच्या जागा, शेजारच्या दोन घरांचे नंबर, आशाताई, पोलीस पाटील, बाहेरगावचा ठरलेला माणूस आणि भेटायची ठरलेली मोकळी जागा लिहा. एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, एक बाहेरगावच्या माणसाकडे द्या, एक शेजाऱ्याकडे. त्यांच्या घराची एक प्रत तुमच्याकडे मागून घ्या.